कडी आतून होती

होळी होऊन काही दिवस झाले होते. बोईसरजवळच्या सालवडमधील एका चाळीच्या खोलीतून एक तरुण विवाहिता चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली आणि व्हरांड्यात उभी राहिली. घडले ते एवढेच. तिच्या अंगावर मारहाणीची खूण नव्हती. खोलीला बाहेरून कुलूप नव्हते. कडी आतून होती आणि ती तिनेच लावलेली होती. तरीही पुढे तिच्या पतीवर तिला बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. पोलीस सेवेतून निवृत्त झाल्यावर लोक मला दरोड्यांविषयी आणि खुनांविषयी विचारतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आधी तो व्हरांडा येतो. संबंधितांची नावे देण्याचे कारण नाही.

प्रकरणाची सुरुवात पतीच्याच अर्जाने झाली. तो मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेला, तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणे नम्र. पत्नीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे त्याने अर्जात लिहिले होते. ती दिवसभर खिडक्या बंद ठेवते, फटींना चिकटपट्टी लावते, मुलीच्या नाकाला ओले फडके बांधते, बाहेर विषारी गॅस आहे असे म्हणते. घरात हा विषय आपण कधीही काढलेला नाही, तो तिच्याच डोक्यातून आला आहे. मुलीच्या जिवाला धोका असल्याने येत्या रविवारी आपली आई येऊन तिला कायमची गावी नेणार आहे. पत्नीने त्या वेळी काही गोंधळ घातल्यास नोंद असावी, म्हणून हा अर्ज.

ठाणे अंमलदाराने अर्ज घेतला, पोच दिली. असे अर्ज प्रत्येक ठाण्यात येतात. काही खरे असतात. काही पुढच्या भांडणाची आधीच करून ठेवलेली तयारी असते. घरात काही बिनसले की ठाण्याची पायरी आधी चढणारा माणूस नेहमीच पीडित असतो असे नाही, हे कोणताही जुना हवालदार सांगेल. पण केवळ तेवढ्यावरून कोणावर संशय घेता येत नाही.

एक-दोन दिवसांनी सातपाटीची एक कोळीण ठाण्याच्या आवारात आली. ती बोईसर-सालवड भागात घरोघरी मासे विकायची आणि जाता जाता ठाण्यातही टोपली उतरवायची. त्या दिवशी तिने टोपलीवरचे फडके काढलेच नाही.

"साहेब, एक विचारू काय? सालवडला रोज गॅस सुटतो, ता खरा हाय?"

"मावशी, बोंबील दाखवायचे सोडून ही कसली चौकशी?" आमच्या महिला हवालदाराने विचारले. ती माकुणसारची, मावशीशी तिची रोजची थट्टामस्करी चालायची.

"बोंबील मागना बघ. मी मरनार हाय का ता आदी सांगा."

"तू? तू आमाला सगळ्यांना पोचवून जाशील."

"हसू नको गं. एक बाय हाय तिथं, चांगल्या घरातली. दार उघडत नाय. खिडकीची फट करते, पैसे देते, मासे घेते, आन दर बारीला इचारते, मावशी, बाहेर गॅस किती हाय? परवा मला म्हनते, तुमी फिरू नका, तुमच्या छातीत भरलाय तो, तुमी मराल. रडत होती माझ्यासाठी. मना दोन दिस जेवन नाय गेला."

सगळे हसले. मी तिला खोली कोणती ते विचारले. तिने सांगितलेली चाळ आणि अर्जातील चाळ एकच होती.

पती आणि कोळीण यांनी सांगितलेल्या गोष्टींत तसा फरक नव्हता. ती बाई गॅसला घाबरत होती, हे दोघांच्या बोलण्यावरून दिसत होते. ही भीती तिच्या मनात कोठून आली, एवढाच प्रश्न होता. बोईसरमध्ये तो सोपा नाही. इथे पाळी बदलली की भोंगे वाजतात, वर्षातून कधीतरी आपत्कालीन सराव होतो, वाऱ्याबरोबर कसला ना कसला वास येतो. गॅसला घाबरणारा माणूस इथे वेडा ठरत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्षही देत नाही. शेजाऱ्यांनी तिला गर्विष्ठ ठरवून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी पती पहिल्या पाळीला असताना महिला हवालदार आणि मी साध्या कपड्यांत गेलो. उंबऱ्याशी ओला टॉवेल दाबून ठेवलेला दिसत होता. हवालदाराने दार वाजवले. खिडकीची फट झाली.

"कोण?"

"पोलीस ठाण्यातून आलोय ताई. दोन शब्द बोलायचंय."

कडी काढल्याचा आवाज आला, दार अर्धे उघडले आणि तिने हवालदाराला मनगटाला धरून आत ओढले. "लवकर आत या. साहेब, तुम्ही पण. उभे काय राहिलात?" दार लावून तिने टॉवेल पुन्हा उंबऱ्याशी सारला आणि आम्हा दोघांच्या हातात ओली फडकी दिली. "नाकाला लावा. बाहेरून आलात."

ती आम्हाला वाचवत होती. वेड लागलेल्या माणसांची चौकशी मी सेवेत अनेकदा केली आहे. त्यांना आपल्या भीतीपुढे समोरचा माणूस दिसत नाही. हिला दिसत होता.

खोली स्वच्छ होती. फडताळातील भांडी घासून लावलेली होती. मुलगी नाकावर रुमाल बांधून फरशीवर बाहुलीशी खेळत होती. बाहुलीच्या नाकावरही चिंधी होती. खोलीत टीव्ही नव्हता. फोन साधा होता आणि माहेरी बोलणे पती घरी असेल तेव्हाच होत असे.

हवालदाराने घाई केली नाही. गाव कोणते, माहेरी कोण, मुलगी बोलायला कधी लागली, असे विचारत राहिली. हळूहळू माहिती मिळाली. लग्न होऊन सालवडला आल्यावर ती बोईसरला शिवणक्लासला जात होती. मैत्रिणी झाल्या होत्या. पतीला ते आवडत नव्हते. मग एकदा जवळच्या एका कारखान्यात खरोखरच वायुगळती झाली. दारे-खिडक्या बंद ठेवा, असे सगळ्यांनाच सांगण्यात आले. गळती थोड्या वेळात आटोक्यात आली आणि लोक आपापल्या कामाला लागले. ती तेव्हा गरोदर होती आणि घरातच होती. गळती थांबल्याचे पतीने तिला सांगितले नाही. आतली बातमी आहे, रोज थोडा थोडा सुटतो, वास येत नाही, असे सांगितले. भोंगा वाजला की समजायचे. ही गोष्ट बाहेर बोललीस तर नोकरी जाईल आणि मला तुरुंगात टाकतील, असेही सांगितले.

"पण ताई, समोरच्या खोलीतली माणसं रोज येतात-जातात. ती दिसतात ना तुम्हाला?"

"त्यांच्या अंगात आधीच भरलाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "हे म्हणतात, ते आता काही वर्षांचेच सोबती. लई वाईट वाटतं हो. समोरच्या भाभीची लेकरं अजून शाळेत हायत."

संपूर्ण चाळ हळूहळू मरते आहे, असे ती धरून चालली होती. खिडकीच्या फटीतून ती त्यांच्याकडे बघायची. शेजाऱ्यांना तो गर्व वाटत होता.

"आणि मुलीला गावी कशाला पाठवताय?"

"तिची छाती कमजोर झालीय. हे म्हणाले, इथं राहिली तर वाचायची नाही." तिने मुलीकडे पाहिले नाही. "मीच हो म्हणाले. रविवारी सासूबाई येणार. लेकरू जगलं म्हणजे झालं."

मुलीला आजीकडे पाठवायला आईची संमती होती. अर्ज होता, शेजाऱ्यांचे मत होते, संमतीही होती. रविवारी मुलगी गेली असती तर वेडी आई म्हणून ती परत मिळवणे या बाईला फार अवघड गेले असते. हातात चार-पाच दिवस होते.

तेवढ्यात जवळच्या कारखान्यातील जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला. तिने मुलीला जवळ ओढले. हवालदार उठली. ओले फडके ओट्यावर ठेवले, कडी काढली आणि दार मागे तसेच उघडे ठेवून व्हरांड्यात गेली. समोरची भाभी कपडे वाळत घालत होती.

"भाभी, पानी कितने बजे आता है इधर?"

"आता किधर है मॅडम, जाता है बस."

दोघी बोलत राहिल्या. भोंगा वाजून थांबला. आतून आई आणि मुलगी दोघी बघत होत्या. मुलीने रुमाल खाली ओढला.

"आई, ती मावशी पडत का नाही?"

आई उंबऱ्यापर्यंत आली. मग मुलीला कडेवर घेऊन तिने उंबरा ओलांडला. व्हरांड्यात आल्यावर तिने श्वास रोखून धरला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. माणूस तो किती वेळ रोखणार? शेवटी तिने श्वास घेतला. भाभीने तिच्याकडे पाहिले, हातातील ओली साडी तशीच धरून थट्टेने म्हणाली, "अरे, आ गयी तू? इतने दिन मायके थी क्या?"

पण तेवढ्याने तिचा विश्वास बसला नाही. आज वारा उलटा असेल, असे ती म्हणाली. वारा कोण बघते, असे हवालदाराने विचारले. पती बघतो, ती म्हणाली. तो घरी असला की बाहेर जाऊन वारा बघून येतो आणि खिडकी उघडायला सांगतो.

ठाण्यात आल्यावर उपनिरीक्षकाने मूळ अडचण मांडली. "साहेब, कलम कुठलं लावायचं? मारहाण नाही, हुंड्याची मागणी नाही, शिवी नाही. बायकोशी खोटं बोलणं हा गुन्हा धरला तर निम्मं बोईसर आत टाकावं लागेल, आणि उरलेल्या निम्म्यात आपण."

त्याचे म्हणणे वरवर बरोबर होते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा शाब्दिक आणि भावनिक छळाची उदाहरणे देतो: अपमान, टोमणे, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे, जवळच्या व्यक्तीला इजा करण्याच्या वारंवार धमक्या. खोट्या गॅसचा उल्लेख त्यात नाही. पण त्याच कलमाची सुरुवात अधिक रुंद आहे. स्त्रीच्या आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा स्वास्थ्याला, मग ते शारीरिक असो वा मानसिक, हानी पोहोचवणारे किंवा ते धोक्यात आणणारे वर्तन म्हणजे कौटुंबिक हिंसाचार. भारतीय न्याय संहितेतही पतीकडून होणाऱ्या क्रूरतेच्या व्याख्येत मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल असे हेतुपुरस्सर वर्तन येते. मात्र त्या गुन्ह्याची दखल घ्यायची तर फिर्याद तिची किंवा तिच्या नात्यातील कोणाची तरी हवी. कोळणीच्या सांगण्यावर तो दाखल होत नाही.

डांबून ठेवण्याच्या कलमाखाली कायद्याने दोन उदाहरणे दिली आहेत. पहिले सर्वांना माहीत असते: भिंती असलेल्या जागेत नेऊन कुलूप लावणे. दुसरे फारसे कोणी वाचत नाही. इमारतीच्या दारांशी बंदूकधारी माणसे उभी करायची आणि आतल्याला सांगायचे की बाहेर पडलास तर गोळी घालतील. तिथे कुलूप नाही. दार उघडे असले तरी तो माणूस डांबलेलाच आहे, असे कायदा म्हणतो. मी उपनिरीक्षकाला ते उदाहरण मोठ्याने वाचायला सांगितले. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "बंदुकीच्या जागी भोंगा." सरकारी वकिलांनीही तसाच अभिप्राय दिला, पण एक सूचना केली. भीती पतीनेच घातली, हे सिद्ध करावे लागेल. तो नाकारेल आणि तिला वेडी म्हणेल.

मुलीची छाती तपासून घेऊ, असे सांगून हवालदाराने दोघींना ओल्या फडक्यांसह जिल्हा रुग्णालयात नेले. तिथे मनोविकारतज्ज्ञांनी तिलाही तपासले. मानसिक आजार आढळत नाही. विश्वासातील व्यक्तीने वारंवार सांगितलेल्या गोष्टीमुळे भीती, असे त्यांनी लिहून दिले.

मग कोळणीला पुन्हा बोलावले. त्या खोलीचे दार तिने कधी उघडे पाहिले आहे का, एवढेच विचारले.

"पायलाय की. नवरा घरी असला की सगला उघडा असते. तोच बाहेर येते, पापलेट बघते, भाव करते, घेत काय नाय."

"तेव्हा भोंगा वाजतो?"

"भोंगा काय त्याला इचारून वाजते?"

कारखान्याकडून पाळ्यांची खात्री करून घेतली. तो सकाळच्या पाळीला असला की सकाळी खिडक्या बंद. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी उघड्या, दुपारनंतर बंद. गॅस त्याच्या पाळीप्रमाणे सुटत होता.

पतीला चौकशीसाठी बोलावले. तो पुन्हा फाइल घेऊन आला. आवाज चढवण्याची गरज नव्हती. असा माणूस आरडाओरड्याला तयार होऊन आलेला असतो. सरळ प्रश्नांना तो तयार नसतो. त्याला चहा दिला.

"तुम्ही घरी असता तेव्हा खिडक्या उघड्या असतात?"

"हो सर. मी असलो की ती शांत असते."

"भोंगा वाजला तरी?"

"तरी. तिचा माझ्यावर विश्वास आहे."

"कशाबाबत?"

"मी म्हटलं उघडी ठेव, तर ठेवते."

"आणि बंद ठेव म्हटलं तर?"

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "सर, एरिया इंडस्ट्रियल आहे. काळजीपोटी एखाद्या वेळी म्हटलं असेल."

"अर्जात तुम्ही लिहिलंय, हा विषय तुम्ही घरात कधी काढलाच नाही."

तो फाइल उघडून पाहू लागला. त्यात काही नव्हते. मग ती मिटून पती म्हणाला, "मी तिला बोट लावलेलं नाही सर. विचारा तिला. दार मी कधी बंद केलं नाही. ती स्वतः बंद करते. हा गुन्हा कसा होतो?"

"मुलीच्या छातीत दोष आहे असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?"

"डॉक्टर असं नाही..." तो थांबला. मग, बहुधा स्वतःची बाजू मांडतो आहे असे समजून, त्याने बाकीचे सांगितले. क्लासला जायला लागल्यापासून ती उलट बोलायला लागली होती. गळतीनंतर घर शांत झाले. तिला माहेरी कायमची पाठवायची आणि मुलगी आपल्या आईकडे वाढवायची, असे घरात ठरले होते. वेडी म्हटल्यावर तिच्या माहेरचे लोकही वाद घालणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. हे त्याने शांतपणे सांगितले. पोलिसांसमोरची अशी कबुली न्यायालयात पुरावा होत नाही, याची आम्हाला कल्पना होती. पण कोणत्या दिशेने पुरावा गोळा करायचा हे तिथे नक्की झाले.

त्याच वेळी ठाण्यातल्या बाजूच्या खोलीत, मुलीला घेऊन आलेल्या तिला हवालदाराने एकच प्रश्न विचारला होता. ते घरी असतात तेव्हा भोंगा वाजत नाही का?

"वाजतो," ती म्हणाली.

"मग खिडकी?"

"उघडी असते." तिने मुलीकडे पाहिले. मग तिने विचारले, "म्हणजे लेकराच्या छातीला काही नाही?"

"रुग्णालयात तपासलंय ताई. ठणठणीत आहे."

ती रडेल असे हवालदाराला वाटले होते. ती हसायला लागली. हसता हसता तिने मुलीच्या गळ्यातील रुमाल सोडला, घडी घातली आणि म्हणाली, "लिहून घ्या. सगळं सांगते."

फिर्याद नोंदली गेली. संरक्षण अधिकाऱ्यांनी घटना अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सादर केला. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पतीला ऐकून घेण्यापूर्वीही तातडीचा अंतरिम आदेश देता येतो. तो शनिवारी मिळाला. पतीने खोलीत येऊ नये, तिच्याशी संपर्क करू नये, मुलीचा तात्पुरता ताबा आईकडे राहावा. रविवारी सासू गाडीने आली. आदेशाची प्रत तिला दाखवण्यात आली. तिने ती वाचून घेतली, चाळीच्या पायरीवर बसून पाणी प्यायली आणि परत गेली.

या प्रकरणानंतर माझ्या कामाच्या पद्धतीत एक बदल झाला. कौटुंबिक तक्रार आली की आधी अंगावरच्या जखमा पाहायच्या, अशी आमची सवय असते. जखम नसेल तर समजूत घालून घरी पाठवायचे. त्यानंतर जखमेआधी विचारायला लागलो, नवरा घरात नसताना तुम्ही काय करू शकत नाही? या प्रश्नाला मिळणारी उत्तरे साधी असतात. फोन करू शकत नाही. शेजारी जाऊ शकत नाही. खिडकी उघडू शकत नाही. कायद्यातले शब्द त्या उत्तरांना पुरतात. ते शोधावे लागतात, एवढेच. अशी प्रत्येक बाई डांबलेली असते असे नाही, आणि प्रत्येक नवरा गुन्हेगार नसतो. पण हा प्रश्न विचारायला वेळ लागत नाही.

न्यायालयाने पुढे दोन्ही बाजू ऐकून अंतरिम आदेश कायम केला. फौजदारी प्रकरणात दोषारोपपत्र दाखल झाले असून खटला सुरू आहे. तिचे आई-वडील तिला गावी न्यायला आले होते. ती गेली नाही. तिने शिवणकामाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. मुलगी आईकडे आहे. दोघी सालवडमध्येच राहतात.